शेवटची दहा पावले

या विषयाची पहिली अडचण त्याच्या नावातच आहे. 'जिओकॅशिंग' हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला 'कॅश' म्हणजे रोकड आठवते आणि समोरचा काहीतरी जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलतो आहे, असा त्याचा समज होतो. मूळ शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ लपवणे. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत फरचा व्यापार करणारे फ्रेंच भाषक परतीच्या वाटेसाठी शिधा-सामान जिथे दडवून ठेवत, त्या जागेला तो चिकटला आणि तिथून इंग्रजीत गेला. एकाने पृथ्वीवर कुठेतरी काहीतरी लपवायचे, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि दुसऱ्याने तेवढ्या आधारावर ते हुडकायचे, एवढाच हा उद्योग. मी पुढे 'कॅश' म्हणणार नाही, 'डबा' म्हणणार आहे. 'ठेव' म्हटले तर बँकेतली मुदत ठेव डोळ्यांपुढे येते. 'खजिना' म्हटले तर अपेक्षा फार वाढतात; आतला ऐवज बहुधा चहाच्या एका कपाच्याही किमतीचा नसतो. 'गुप्तधन' हा शब्द आपल्याकडे का टाळावा, ते पुढे येईल. आणि 'डबा' म्हटले की डबा ऐसपैस आठवतो, तो आठवावाच. त्या खेळात डबा अंगणाच्या मधोमध सगळ्यांसमोर असतो आणि माणसे लपतात. इथे माणसे उघड्यावर हिंडतात आणि डबा लपलेला असतो.

विटीदांडू पहिल्यांदा कोणी खेळला हे कोणी सांगू शकणार नाही. या खेळाचा जन्म मात्र तारखेनिशी सांगता येतो. १ मे २००० रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केले की, जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळली जाणारी चूक त्या मध्यरात्रीपासून बंद होईल. मुद्दाम मिसळलेली चूक म्हणजे काय, हे नव्या अभ्यासकाने नीट समजून घ्यावे. ही यंत्रणा अमेरिकी संरक्षण खात्याची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. १९८३ साली दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा पुरी झाल्यावर नागरी वापरासाठी खुली ठेवण्याचे आश्वासन दिले. ती खुली झाली, पण धार बोथट करून. लष्कराला नेमकी जागा कळे. इतरांच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंतची फसगत असे. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर रान. तेवढ्या रानात एखादी वस्तू शोधायची तर सारा गाव गोळा करावा लागेल. मुद्दामची चूक गेली आणि त्रिज्या दहा-वीस मीटरवर आली. दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ जेमतेम तीन गुंठ्यांचे. तीन गुंठ्यांत एकटा माणूस दुपारभरात बरेच काही शोधू शकतो.

३ मे रोजी, म्हणजे त्यानंतर दोनच दिवसांनी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. बादलीत एक वही, पेन्सिल, काही पुस्तके, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या बियांचा एक हवाबंद डबा. उपग्रहांवरून दिशा शोधण्याचा नाद असलेल्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या गटात त्याने आकडे कळवले: ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम. नियम एकच, काही घ्या आणि काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी बादली गाठली. त्यांच्यातल्या माइक टीग यांनी अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. मॅट स्टम यांनी महिनाअखेरीस 'जिओकॅशिंग' हा शब्द सुचवला, कारण आधीचा 'स्टॅश' हा शब्द चोरट्या आणि अमली मालाच्या साठ्याची आठवण करून देत होता. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा जगभरात मिळून पंचाहत्तर डबे होते. आज तीस लाखांहून अधिक आहेत. त्या बादलीचे पुढे काय झाले याला या विषयात फारसे महत्त्व नाही, पण घेवड्याचा तो डबा मात्र पुढे जपला गेला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांत लोक त्याचे दर्शन घेऊ लागले. स्मारकाला माणसाला काहीही चालते.

इतिहास एवढाच, पण त्यात खरा मुद्दा लपलेला आहे. शंभर मीटरची चूक होती तोवर हा खेळ अशक्य होता, हे सगळेच सांगतात. उद्या चूक शून्यावर आली तर तोही दिवस खेळाचा शेवटचाच ठरेल, हे फारसे कोणी सांगत नाही. यंत्राने थेट डब्यावर बोट ठेवले तर शोधायचे काय? हा सारा खेळ उरलेल्या चुकीवर जगतो. माझ्या मते या अभ्यासविषयाचा गाभा त्या उरलेल्या दहा पावलांत आहे. नव्या वाचकाने उपग्रहांच्या तपशिलात हरवण्याआधी तिथे जरा थांबावे.

या दहा पावलांत काय होते ते पाहू. डब्याचे आकडे मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे साधारण एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर, एका उंच माणसाएवढा. कागदावर नेमकेपणा इतका. पण लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची चूक या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या घळीत संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात. म्हणून माणूस जागेवर पोहोचतो आणि पडद्यावरचा आकडा चार मीटर, नऊ मीटर, सहा मीटर असा डोलू लागतो. साध्या यंत्राला तुमची दिशा तुमच्या चालण्यावरूनच कळते. तुम्ही थांबलात की त्याचा बाण गरगरू लागतो. शहाणा खेळाडू या क्षणी यंत्र खिशात घालतो.

पुढचे काम डोळ्यांचे, आणि त्याहून जास्त दुसऱ्याच्या डोक्यात शिरण्याचे. मी इथे लपवला असता तर कुठे? झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या काटक्या वाऱ्याने अशा समांतर पडतात का? भिंतीतला हा एकच दगड कोरडा का? लोखंडी कठड्याला जी नटबोल्टची जोडी आहे तिला उलट बाजूला काहीच का जोडलेले नाही? खेळाडूंच्या बोलीत या नजरेला 'जिओसेन्स' म्हणतात. मी तिला 'ठावनजर' म्हणून पाहिले, पण ते काही रुजले नाही.

माझे स्वतःचे पहिले शोधणे फजितीचे. मुलीकडे जर्मनीत गेलो होतो. ती आणि जावई कामावर गेले की मी घरामागच्या बागेत फिरायला जाई. रोज सकाळी मी ज्या बाकावर बसत असे, त्याच्याच खाली एक डबा आहे असे नातवाच्या फोनने सांगितले. आम्ही दोघांनी बाकाखाली, बाकामागे, झुडपात, कचरापेटीच्या मागे अर्धा तास घालवला. शेवटी नातवाने बाकाच्या लोखंडी पायाच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि चुंबकाने चिकटवलेली, बोटाच्या पेराएवढी एक नळी काढली. आत कागदाची सुरळी, तिच्यावर तारखा आणि सह्या. सर्वांत जुनी सही मी त्या गावात येण्याच्या दोन वर्षे आधीची होती. महिनाभर मी त्या बाकावर बसत होतो आणि ती जागा मला माहीत आहे असे समजत होतो.

चिनी-अमेरिकी भूगोलज्ञ यी-फू तुआन यांच्या १९७७ सालच्या 'स्पेस अँड प्लेस' या ग्रंथातला भेद इथे कामाला येतो. नुसता अवकाश वेगळा आणि अनुभवाने, अर्थाने भरलेली जागा वेगळी. मराठीत 'ठिकाण' आणि 'जागा' या दोन शब्दांत थोडा असाच फरक आहे. ठिकाण पत्त्यावर असते. जागा मनात ठरते, ती 'धरता' येते, ती 'जागती' असते. अक्षांश-रेखांश ठिकाणापर्यंत नेतात. त्या बाकाचे ठिकाण मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

या खेळाच्या पूर्वजांबद्दल थोडे बोलायला हवे. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर १८५४ साली चॅगफर्डच्या जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमिअर नावाच्या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले कार्ड टाकावे. त्यातून पुढे पत्रपेट्या आणि रबरी शिक्क्यांचा मोठा छंद उभा राहिला, आणि तो अजून चालू आहे. जिओकॅशिंगची वंशावळ सांगणारे इथेच थांबतात. मला आपल्याकडचा एक धागाही महत्त्वाचा वाटतो, पूर्वज म्हणून नव्हे, तुलनेसाठी. महानुभावांच्या चौदाव्या शतकातल्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा गाव, मंदिर आणि दिशा यांच्या आधाराने नोंदवल्या आहेत, पुढच्या माणसाला त्या सापडाव्यात म्हणून. कोणत्याही यंत्राशिवाय नुसत्या शब्दांनी वाचकाला नेमक्या जागी नेऊन उभे करण्याचे गद्य मराठीत इतके जुने आहे. अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या यात्रा, प्रदेश आणि जागा यांच्या नात्यावर जे काम केले आहे, ते या विषयाच्या अभ्यासकाने हाताशी ठेवावे. यात्रांच्या अभ्यासकांना त्याचा या खेळाच्या अभ्यासात उपयोग होईल असे सहसा सुचत नाही.

आकड्यांच्या बाजूनेही आपली माती अपरिचित नाही. भूमापक विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटसह निघाला. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षे चालला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. एका बिंदूचा ठाव लावायला तेव्हा बैल, खलाशी, मनोरे आणि आयुष्ये लागत.

आता 'फावला वेळ' या शब्दाकडे येऊ, कारण हा विषय लोकांना नेहमी त्याच खणात ठेवावासा वाटतो. 'फावणे' म्हणजे सवड होणे, तसेच साधणे, लाभणेही. कोणाला काही 'फावले' म्हणतो तेव्हा त्यात संधी साधल्याची किंचित नाराजीही असते. फावला वेळ म्हणजे नुसता उरलेला वेळ नव्हे, आपण पदरात पाडून घेतलेला वेळ. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ साली 'गंभीर विरंगुळा' ही संकल्पना मांडली. काही छंद असे असतात की माणूस त्यांत चिकाटी दाखवतो, कौशल्य मिळवतो, उमेदवारीपासून उस्तादीपर्यंत पायऱ्या चढतो, त्या मंडळींची बोली आणि रीत उचलतो आणि शेवटी स्वतःची ओळखही त्या छंदावरून सांगू लागतो. जिओकॅशिंग या चौकटीत इतके चपखल बसते की कधी कधी शंका येते. प्रत्येक डब्याला शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता अशा दोन श्रेणी असतात, एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने. म्हणजे नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी चौकोन. ते सगळे भरण्यासाठी सुट्ट्या खर्च करणारे लोक आहेत. हा विरंगुळा की दुसरी नोकरी, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांना विचारावा.

खेळाच्या अभ्यासकांना हा विषय वेगळ्या कारणाने हवासा वाटतो. योहान हायझिंगा यांनी १९३८ साली 'होमो लुडेन्स'मध्ये खेळ हा रोजच्या जगण्यापासून आखून वेगळा काढलेल्या काळात आणि जागेत घडतो असे मांडले. पट, मैदान, रंगमंच. जिओकॅशिंगला मैदानच नाही. त्याचा पट गावावरच अंथरलेला असतो, आणि खेळात नसलेली माणसे दिवसभर त्यावरून ये-जा करत असतात. त्यांना खेळाडू हॅरी पॉटरमधला शब्द उसना घेऊन 'मगल' म्हणतात. त्यांच्या देखत शोधायचे, पण त्यांना कळू द्यायचे नाही. म्हणून खेळाडू बुटाची नाडी बांधतो, फोनवर खोटेच बोलतो, नकाशा उलटा धरतो. रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे चार गाभे सांगितले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. जिओकॅशिंगबद्दल बोलताना लोक स्पर्धेकडे बोट दाखवतात, मला त्यात सोंग जास्त दिसते. उघड्यावर उभे राहून 'मी काही करत नाही' हे सोंग वठवणे वाटते त्याहून अवघड असते.

आणि हे गुपित तरी कसले? ठिकाण जगजाहीर असते. सोबत एक सूचनाही असते, पण ती रोमन अक्षरे तेरा घरे पुढे सरकवून लिहिलेली. ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. लहान मूलही ती उलगडू शकते. हे कूट कोणापासून काही लपवण्यासाठी नाही. चुकून नजर पडून मजा जाऊ नये, एवढ्यासाठी आहे. आपली च-ची भाषा आठवा. आईला ती कळत असे, आणि तिला कळते हे आपल्यालाही माहीत असे, तरीही ती बोलण्यात अर्थ होता.

देवघेवीच्या नियमावर मार्सेल मॉस यांच्या १९२५ सालच्या दान-निबंधाचा हवाला देऊन बरेच लिहिता येईल. मराठी वाचकाला इतक्या लांब जायची गरज नाही. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. इथे शेजारीण कोण हे माहीत नसते, एवढाच फरक. काही वस्तू तर ठेवून घेण्यासाठी नसतातच. त्यांना क्रमांक कोरलेली धातूची पट्टी लावलेली असते आणि एका डब्यातून दुसऱ्यात त्यांचा प्रवास चालतो. २००८ साली रिचर्ड गॅरिअट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर डबा नेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स'च्या एका उपकरणाच्या चाचणी-पट्टीवरही असा क्रमांक आहे. तो घेऊन पुढे कोण जाणार, हा प्रश्न अर्थात खुला आहे.

संशोधनासाठी या खेळाने नकळत एक मोठे दप्तर उभे केले आहे. डबा सापडला की कागदावर सही करायची आणि नंतर संकेतस्थळावर नोंदही. सापडला नाही तरी नोंद करायची. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला मिंगो नावाचा डबा ११ मे २००० पासून चालू आहे. इतक्या वर्षांत तिथे कोण कधी आले, काय म्हणाले, हे सारे वाचता येते. अपयशाची नोंद इतक्या प्रामाणिकपणे ठेवणारा दुसरा छंद मला माहीत नाही. मासे धरणारे तरी ठेवत नाहीत. केंटन ओ'हारा यांनी २००८ साली खेळाडूंच्या सवयींवर आणि प्रेरणांवर जो अभ्यास केला, त्यातही डब्यापेक्षा बाहेर पडणे, चालणे, सोबत आणि एरवी पाहिल्या नसत्या अशा जागा यांनाच मोठे स्थान मिळते. त्याच्या पुढे जाऊन नोंदींच्या भाषेवर काम व्हायला हवे. पहिल्या वर्षांच्या नोंदी परिच्छेदभर असत. आता अनेकदा चार आद्याक्षरांत आभार मानून लोक मोकळे होतात. का, याचे उत्तर नुसते 'फोन आले' असे देऊ नये. माझा अंदाज आहे की डब्यांची संख्या वाढली तशी एकेका डब्यापाशी घालवायची मिनिटे घटली.

इथे माझी नाराजी नोंदवून ठेवतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटरचे, म्हणजे एक दशांश मैलाचे अंतर हवे असा नियम आहे. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या या नियमाचा काहींनी साचा केला आणि रस्त्याच्या कडेने दर १६१ मीटरवर एक अशा शेकडो डब्यांच्या माळा ओवल्या. नेवाडाच्या वाळवंटात अशी एक प्रसिद्ध माळ आहे, हजाराहून अधिक डब्यांची. गाडीतून उतरायचे, डबा उचलायचा, पुन्हा गाडीत. शेवटची दहा पावले तिथे चार होतात, आणि चारही सारखीच. त्यात आनंद मिळवणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण अभ्यासकाने त्यांना आणि बाकाखाली हात फिरवणाऱ्या मुलाला एकाच मोजपट्टीने मोजू नये.

तक्रारी याहून गंभीरही आहेत. पायाखाली तुडवली जाणारी झाडोऱ्याची जागा, दगडी भिंतींतून उपसलेले दगड. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका निरुपद्रवी डब्याला बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने तो उडवला. २०१८ साली प्रागमध्ये भूमिगत नाल्यात शोध घेणारे काही जण वादळी पावसाच्या लोंढ्यात सापडले आणि त्यात जीव गेले. आज कोणताही डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक तपासनीस तो पाहतात. जागामालकाची परवानगी लागते आणि जमिनीत पुरायला सहसा मनाई आहे. पहिलीच बादली अर्धवट पुरलेली होती, हे त्यांना कोणी सुनावत असेल की नाही कोण जाणे.

आणि शोधणारा कोण आहे यावर सगळे अवलंबून असते. वाकून भिंतीचे कोपरे तपासणारा माणूस एका गावात हौशी ठरतो, दुसऱ्या गावात चोर. संध्याकाळी एकटी बाई झुडपात काही शोधते आहे, या दृश्याचा अर्थ तिच्याऐवजी बघणारे ठरवतात. सोंगाबद्दल मी वर जे हलकेफुलके लिहिले, त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि तिच्यावर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

महाराष्ट्रात हा विषय नेताना 'गुप्तधन' शब्द दाराशीच अडवावा. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामागे खऱ्या माणसांचे खरे बळी आहेत. रात्री बॅटरी घेऊन माळावर काही शोधणाऱ्या टोळक्याकडे गाव संशयाने पाहत असेल, तर त्या संशयाला इतिहास आहे. खेळाडूने दिवसा जावे आणि विचारणाऱ्याला खरे सांगावे.

किल्ल्यांवर डबे ठेवण्याचा मोह प्रत्येक ट्रेकरला होतो. संरक्षित स्मारकाच्या तटात, बुरुजात काहीही खोचू नये, यावर चर्चा नको. पण त्यासाठी एक उत्तम पर्याय या खेळानेच दिला आहे. २००४ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेतले गॅरी लुईस यांच्या कल्पनेतून 'अर्थकॅश' निघाले. त्यात डबा नसतोच. जागेवर जायचे, जमिनीत काय घडले आहे ते पाहायचे आणि तिथे उभे राहिल्याशिवाय देता येणार नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे पाठवायची. दख्खनच्या पठारासाठी याहून सोयीचे काय असेल? लोणारला विवराच्या काठावरून तळ्याकडे उतरताना कातळाचे थर कोणत्या बाजूला कललेले दिसतात? निघोजला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी गोटे का असतात, आणि ते खळग्याच्या भिंतीपेक्षा गुळगुळीत आहेत का? असा एक प्रश्न नीट घडवायला भूगर्भशास्त्राचा अभ्यासक आणि कसलेला खेळाडू दोघेही लागतात. ही माणसे आपल्याकडे एकमेकांना भेटलेली नाहीत.

या विषयात नव्याने येणाऱ्याला कोणत्या ग्रंथापासून सुरुवात करू असे विचारावेसे वाटेल. ग्रंथाआधी मी एक स्वाध्याय देतो, त्याला डबाही लागत नाही. अॅलेक्स जॅरेट या अमेरिकी गृहस्थाने १९९६ साली, म्हणजे अल्मरच्या बादलीच्या आधीच, एक उपक्रम सुरू केला: जिथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात, अशा प्रत्येक बिंदूवर कोणीतरी जाऊन फोटो काढायचा. १८ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्व यांचा छेद सातारा जिल्ह्यात, खंबाटकी घाटाच्या आसपास येतो. पुण्या-साताऱ्याची माणसे त्याच्या शेजारून आयुष्यभर ये-जा करतात. पाऊस ओसरल्यावर एखाद्या रविवारी जा. जागा कोणाची आहे ते आधी विचारा आणि परवानगी मिळाली तरच पुढे सरका. वही आणि पेन्सिल न्या. दमट हवेत पेन दगा देते. फोनवर आकडे दशांशात लावा आणि मागची सगळी शून्ये एकदम येतात का पाहा. ती क्षणभर येतील आणि तुम्ही जागचे न हलताही निघून जातील. तेव्हा फोन खिशात घालून आजूबाजूला काय आहे ते लिहायला घ्या: माती, गवत, बांध, आवाज, कोणाची वाट कुठे जाते. अर्ध्या पानाच्या आत कोणीतरी येऊन विचारीलच, पाहुणे, इथे काय आहे? त्याला काय सांगितले आणि त्यावर तो काय म्हणाला, तेही त्याच पानावर उतरवा.